कारसीट पुढे तोंड करून कधी वळवायची?

बाळ वर्षाचं झालं की घरात सुरू होतं, "आता वळवा की सीट, पाय किती दुमडतात त्याचे!" दुमडू देत. मांडी घालून मुलं मजेत बसतात. खरी काळजी मानेची आहे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मानेचे मणके अजून पुरते टणक झालेले नसतात. समोरून धडक बसली तर पुढे तोंड असलेल्या मुलाचं अंग पट्टे धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे झेपावतं. सीट उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला असेल, तर तोच धक्का डोकं, मान आणि पाठ मिळून सीटच्या पाठीवर झेलतात. म्हणून वाढदिवस बघून सीट वळवू नका.

आधी सीटवरचं लेबल वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच सीट १८ किलोपर्यंतच्या असतात: उलटी १३ किलोपर्यंत, सुलटी (पुढे तोंड) ९ ते १८. घोळ होतो तो इथेच. ९ किलोला सीट वळवता येते, वळवलीच पाहिजे असं नाही. मधले चार किलो उलटंच बसवा. 'आय-साइज' (i-Size, युरोपातलं नवं सुरक्षा-मानक) सीटवर किलोऐवजी उंची पाहतात आणि १५ महिन्यांच्या आत ती वळवायला मनाई आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये वयाची अट काढून सीटची मर्यादा संपेपर्यंत उलटंच बसवा, असं सांगितलं.

मग वजन. मुलाला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, नंतर एकटे. फरक म्हणजे मुलाचं वजन.

आता उंची. मुलाला सीटमध्ये बसवून डोक्यावर फूटपट्टी आडवी टेकवा. बऱ्याच सीटना माथ्याच्या वर साधारण २.५ सेंटिमीटर सीटचं कवच शिल्लक लागतं. तुमच्या सीटच्या पुस्तिकेतला आकडा अखेरचा माना. वजन किंवा उंची, उलटं बसवायची एक तरी मर्यादा गाठली तरच वळवा.

वळवताना खांद्याचे पट्टे बदलायला विसरू नका. उलट्या सीटमध्ये ते खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून येतात, सुलट्या सीटमध्ये रेषेत किंवा किंचित वरून. गाडीचा पट्टा ओवायची वाटही सहसा वेगळी असते. वरचा टेदर (सीटच्या माथ्यामागून गाडीला अडकवायचा पट्टा) असेल तर तो गाडीतल्या त्याच्याच कडीला अडकवा. शेवटी खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा. चिमटीत घडी आली तर पट्टा सैल आहे, आणखी ओढा.

आणि सीट उलटी आहे तोवर एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागेवर ती कधीही ठेवू नका. एअरबॅग फुगली की थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.