मॅटप्लॉटलिब वापरताना या चुका टाळा, विशेषतः ज्या चुका पडद्यावर दिसत नाहीत

पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या बहुतेकांची सुरुवात मॅटप्लॉटलिबपासून होते आणि बहुतेकांचे घोडे त्याच चार-सहा ठिकाणी अडते. प्रोग्रॅम मध्येच थांबला आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली, की नवशिका घाबरून जातो. वस्तुतः तो सुदैवी असतो, कारण काहीतरी बिघडले आहे एवढे तरी त्याला समजते. माझा राग आहे तो दुसऱ्या जातीच्या चुकांवर. त्यांत प्रोग्रॅम विनातक्रार शेवटपर्यंत जातो, चित्र देखणे येते आणि ते धडधडीत खोटे असते.

अशा चुकांमध्ये पहिला मान मजकूर म्हणून वाचल्या गेलेल्या आकड्यांचा. सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये, एखाद्या ठिकाणी नोंद नसल्यामुळे कोणी आडवी रेघ टाकलेली असते, कोणी ‘नोंद नाही’ असे लिहिलेले असते, किंवा हजारांच्या आकड्यांत स्वल्पविराम दिलेले असतात. पांडाज, म्हणजे तक्ते वाचणारे व हाताळणारे पायथनचे साधन, अशा रकान्याला संख्या न मानता मजकूर मानते, आणि तो रकाना थेट मॅटप्लॉटलिबच्या हाती दिला की ते प्रत्येक वेगळ्या मजकुराला एक स्वतंत्र वर्ग समजते. पहिल्यांदा आलेला मजकूर शून्यावर, दुसरा एकावर, तिसरा दोनावर, अशी ही मांडणी असते. त्या मजकुरात लिहिलेल्या आकड्याचे मूल्य काय, याच्याशी तिला काहीही देणेघेणे नसते.

याचा परिणाम किती दूरवर जाऊ शकतो, हे एम.एस्सी.च्या एका प्रकल्पात पाहायला मिळाले. कोकणातील एका तालुक्याच्या वार्षिक पावसाच्या सुमारे चाळीस वर्षांच्या नोंदी होत्या आणि सगळे आकडे स्वल्पविरामासह लिहिलेले होते. आलेखात डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात जाणारी, पट्टीने आखावी तशी सरळ रेषा आली होती. ‘सर, पाऊस दरवर्षी वाढतोच आहे,’ असे विद्यार्थ्याने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, आणि निष्कर्षाच्या प्रकरणात हवामानबदलावर दोन परिच्छेदही लिहून झाले होते. कोणत्याही दोन वर्षी पाऊस अगदी तेवढाच पडलेला नसल्यामुळे प्रत्येक नोंद नवा वर्ग ठरली होती आणि रेषा दरवर्षी एकेक पायरी चढत गेली होती. उभ्या अक्षावर खरे तर याचा पुरावा होता, कारण तेथे चाळीस लेबले एकमेकांवर चढून काळा पट्टा झाला होता. परंतु तो पट्टा वाईट दिसतो म्हणून विद्यार्थ्याने उभ्या अक्षावरची लेबलेच काढून टाकली होती! आलेख सुशोभित करण्याची घाई आकडे तपासण्याच्या आधी झाली की असे होते, आणि हा क्रम उलटा करायला बहुतेक नवशिके तयार नसतात.

उपाय दोन ओळींचा आहे. मजकूर ठरलेल्या रकान्यातले स्वल्पविराम आधी काढून टाकावेत, आणि त्यानंतर रकाना ‘टू-न्यूमेरिक’मधून काढून न जुळणाऱ्या नोंदींना रिकामे मूल्य द्यावे, मात्र अशा रिकाम्या नोंदी किती झाल्या हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर अर्धी माहिती गुपचूप गळून पडते. माझी स्वतःची सवय अशी, की कोणताही आलेख काढण्यापूर्वी प्रत्येक रकान्याचा प्रकार छापून डोळ्यांखालून घालायचा. पांडाजची स्वतःची आलेख काढण्याची सोय अशा वेळी ‘संख्यात्मक माहितीच नाही’ असे सांगून काम नाकारते, तेवढा तिचा समंजसपणा मान्य केला पाहिजे.

तारखांचेही दुखणे याच घराण्यातले आहे. तारखा मजकूर म्हणून राहिल्या, तर प्रत्येक दिवसाचे लेबल छापले जाते आणि नोंद नसलेले दिवस अक्षावरून नाहीसे होतात, त्यामुळे वीस दिवसांची उघडीप आणि एका दिवसाचे अंतर सारखेच दिसते. आपल्याकडे दिवस आधी आणि महिना नंतर लिहिला जातो, म्हणून वाचताना ‘डे-फर्स्ट’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा. अन्यथा ०३/०६ ही जूनमधली तारीख मार्चमध्ये जाऊन बसते आणि मॉन्सून उन्हाळ्यातच दाखल होतो.

दुसरी नेहमीची तक्रार अशी, की शीर्षक भलत्याच चौकटीवर (एका आकृतीत अनेक आलेख असतील, तर त्यातल्या एकेका आलेखाच्या जागेवर) जाते किंवा मागच्या आलेखाच्या रेषा पुढच्या आलेखात उतरतात. याचे मूळ मॅटप्लॉटलिबच्या जन्मात आहे. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत संकेतांवर काम करणाऱ्या जॉन हंटर या मज्जाशास्त्रज्ञाने २००३ मध्ये हे साधन प्रसिद्ध केले, आणि मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची सवय असलेल्यांना ते परके वाटू नये म्हणून त्यात तशीच आज्ञांची पद्धत ठेवली. हंटर २०१२ मध्ये निवर्तले, पण ती पद्धत ‘पायप्लॉट’च्या रूपाने टिकून आहे. तिच्यात ‘चालू’ आकृती आणि ‘चालू’ चौकट कोणती, हे पडद्यामागे ठरते. एकच आलेख असेल तोवर हे सोयीचे असते. चार चौकटी आल्या की ‘चालू’ म्हणजे नेमकी कोणती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून ‘सबप्लॉट्स’ने आकृती आणि चौकट नावानिशी हातात घ्यावी आणि पुढचे प्रत्येक काम त्या नावावरच करावे. दोन्ही पद्धतींची खिचडी करणारे नमुने उचलून आपल्या फाइलमध्ये चिकटवणे हा माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत महागडा आळस आहे.

जतन केलेली फाइल कोरी निघाली, तर बहुधा ‘शो’ ही दाखवण्याची आज्ञा आधी आणि ‘सेव्हफिग’ ही जतन करण्याची आज्ञा नंतर लिहिलेली असते. खिडकी बंद केली की पायप्लॉट ती आकृती विसरते आणि जतन करण्याची आज्ञा मिळताच नवी, रिकामी आकृती उघडून तीच प्रामाणिकपणे जतन करते. कप्प्याकप्प्याने प्रोग्रॅम चालवणाऱ्या ज्युपिटर वहीत आकृती त्या कप्प्याच्या शेवटीच बंद होते, त्यामुळे पुढच्या कप्प्यातून जतन करणाऱ्यालाही कोराच कागद मिळतो. आकृती नावाने धरलेली असेल आणि जतन त्या नावावरून केले, तर हा प्रश्न उद्भवतच नाही. शेकडो आलेख एका फेऱ्यात काढणाऱ्यांनी प्रत्येक आकृती जतन झाल्यावर बंद करावी. वीसहून अधिक आकृत्या उघड्या राहिल्या की इशारा येतो, आणि पुष्कळ जण आकृत्या बंद करण्याऐवजी तो इशाराच बंद करतात.

आकाराबाबतचा गैरसमज फार पसरलेला आहे. अक्षरे बारीक दिसतात अशी तक्रार आली की लोक डीपीआय, म्हणजे दर इंचातील ठिपके, ३०० वरून ६०० करतात. डीपीआय वाढवल्याने ठिपके वाढतात. अक्षरांचे आकृतीशी असलेले प्रमाण जराही बदलत नाही. मूळ आकृती ६.४ गुणिले ४.८ इंचांची आणि अक्षरे १० पॉइंटची असतात. कोणी ती १४ इंच रुंद काढून नियतकालिकाच्या साडेतीन इंचांच्या स्तंभात बसवली, तर ती एक चतुर्थांश होते आणि अक्षरे अडीच पॉइंटची उरतात, मग डीपीआय कितीही असो. छापील जागेची रुंदी आधी मोजावी आणि आकृती त्याच रुंदीची काढावी. लेबले कडेला कापली जात असतील, तर आकृती तयार करतानाच ‘कन्स्ट्रेन्ड’ मांडणी मागावी. जतन करताना ‘टाइट’ चौकट देण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, परंतु तो आकृतीचा बाहेरचा आकारच बदलतो आणि मोजून ठरवलेली रुंदी वाया जाते.

आकड्यांच्या तक्त्याचे रंगीत चित्र काढणाऱ्या ‘इमशो’ने नकाशा उलटा येणे हीदेखील विनातक्रार होणारी चूक आहे. इमशो पहिली ओळ वर काढते, तर हवामानाच्या पुष्कळ फाइलींत अक्षांश दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत्या क्रमाने असतात. त्यामुळे सिंधुदुर्ग वर आणि नंदुरबार खाली अशी राज्याची शीर्षासनातली आकृती मिळते. जिल्ह्यांच्या सीमा वर आखलेल्या नसतील, तर नुसत्या रंगांवरून हे ओळखणे कठीण असते. ‘ओरिजिन’ला ‘लोअर’ द्यावे, किंवा मी करतो तसे अक्षांश-रेखांशांसह ‘पी-कलर-मेश’ वापरावे, म्हणजे प्रत्येक घर आपल्या जागी जाते.

जेट ही इंद्रधनुषी रंगमाला वापरू नये. तिच्यातील पिवळा आणि आकाशी पट्टा इतरांपेक्षा उजळ असल्यामुळे माहितीत नसलेल्या सीमा डोळ्यांना दिसतात, आणि कृष्णधवल छपाईत तिची दोन्ही टोके सारखीच काळपट होतात. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने जेट बाजूला सारून व्हिरिडिस ही मूळ रंगमाला केली, तरीही जुन्या सवयीने जेट मागून घेणारे आजही भेटतात.

अक्षावरच्या खुणांची जागा न ठरवता केवळ त्यांची लेबले बदलू नयेत. आलेखाचा आवाका बदलला की लेबले जागच्या जागी राहतात आणि खुणा सरकतात. लॉगॅरिदमिक अक्षावर शून्य काढता येत नाही, त्यामुळे शून्याच्या नोंदी दिसेनाशा होतात. त्या महत्त्वाच्या असतील तर ‘सिमलॉग’, म्हणजे शून्याजवळ साधा आणि पुढे लॉगॅरिदमिक असणारा अक्ष, वापरावा. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांचे दोन उभे अक्ष एकाच आलेखात घेणे शक्यतो टाळावे, कारण मोजपट्टी ताणून कोणत्याही दोन रेषा हव्या तेथे छेदवता येतात. आणि स्वतःच्या फाइलीला मॅटप्लॉटलिब हेच नाव देऊ नये. पायथन मग तुमचीच फाइल आयात करते आणि मॅटप्लॉटलिब हे पॅकेजच नाही म्हणून कुरकुरते.

आता मराठीत आलेख काढणाऱ्यांचा खास प्रश्न. मराठी शीर्षक दिले की प्रथम चौकोन दिसतात, आणि सोबत २३५० क्रमांकाचे चिन्ह सध्याच्या फॉन्टमध्ये नाही, अशा धर्तीचा इशारा येतो; हा २३५० म्हणजे ‘म’. मूळ फॉन्ट असलेल्या डेजाव्यू सान्समध्ये देवनागरी नाही, एवढाच त्याचा अर्थ. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा युनिकोड फॉन्ट वापरावा. फॉन्ट नुकताच बसवला असेल आणि तरीही सापडत नसेल, तर मॅटप्लॉटलिबने साठवून ठेवलेली फॉन्टांची जुनी यादी पुसावी, किंवा फॉन्टच्या फाइलीचा पत्ता ‘ॲड-फॉन्ट’ने थेट द्यावा. २०२२ मधील ३.६ या आवृत्तीपासून फॉन्टांची यादी देता येते आणि एका फॉन्टमध्ये नसलेले चिन्ह पुढच्या फॉन्टमधून घेतले जाते. म्हणून देवनागरी फॉन्टनंतर डेजाव्यू सान्स जरूर लिहावा. काही देवनागरी फॉन्टांत गणिती वजाचे चिन्ह नसते आणि शून्याखालच्या तापमानापुढे चौकोन उमटतो.

चौकोन गेले की बहुतेक जण काम संपले असे समजतात, आणि खरी चूक येथे सुरू होते. ३.१० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांमध्ये मॅटप्लॉटलिब अक्षरे एकामागून एक ठेवत जाते. देवनागरीला लागणारी जुळणी ते करत नाही. परिणामी ‘महिना’ या शब्दातील वेलांटी ‘ह’च्या आधी न येता नंतर येते, ‘वर्ष’ मधला रफार डोक्यावर न चढता पाय मोडलेला ‘र’ होऊन उभा राहतो, आणि ‘पर्जन्यमान’ वाचताना जीभ अडखळते. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कारण दोष फॉन्टचा नाही. तरीही लोक एकामागून एक फॉन्ट बदलून पाहतात आणि शेवटी जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टांकडे वळतात, ज्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असतात. या पळवाटेने तयार झालेला एक अहवाल माझ्याकडे तपासणीसाठी आला होता. चित्रे दिसायला नीट होती, पण पीडीएफमध्ये ‘पाऊस’ शोधला तर काही सापडत नव्हते, आणि शीर्षक उचलून दुसरीकडे चिकटवले की रोमन अक्षरांची निरर्थक माळ हाती येत होती. शिवाय शीर्षकातला एक शब्द बदलायचा होता, तर तो कळफलक कोणाच्याच संगणकावर उरला नव्हता. अखेर सगळी चित्रे पुन्हा काढावी लागली. देवनागरी आकडे मात्र निर्धोक आहेत, कारण त्यांना जुळणी लागत नाही.

जुळणी हवी असेल तर तीन मार्ग आहेत. ज्यांच्याकडे झीलाटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आहे त्यांनी तिच्याकडून मजकूर जुळवून घेणारा पीजीएफ बॅकएंड (बॅकएंड म्हणजे चित्र प्रत्यक्ष काढणारा भाग) वापरावा आणि फॉन्ट सांगताना ‘स्क्रिप्ट’ हा पर्याय देवनागरी असा द्यावा. तो राहिला तर तेथेही जोडाक्षरे विस्कटतात. एमपीएल-कैरो हा स्वतंत्र बॅकएंड जुळणी करतो, पण तो आधी संगणकावर बसवावा लागतो. मी बहुधा तिसरा मार्ग घेतो: एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइल-प्रकाराच्या ‘फॉन्टटाइप’ला ‘नन’ देऊन आकृती एसव्हीजी म्हणून जतन करतो, म्हणजे मजकूर रेषांत न बदलता मजकूरच राहतो आणि इंकस्केप हे रेषाचित्रे संपादणारे सॉफ्टवेअर किंवा ब्राउझर तो नीट जुळवून दाखवतो. अशी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडताना तो फॉन्ट तेथेही असावा लागतो, म्हणून छापखान्यात पाठवायच्या प्रतीतील मजकुराचे इंकस्केपमध्ये पाथमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांत, रूपांतर करावे आणि मजकूर असलेली मूळ प्रत दुरुस्तीसाठी वेगळी ठेवावी.