चामड्याचं हौशी काम: या चुका टाळा, आणि झाल्याच तर हे करा

पट्टा दोन महिन्यांत लांबला. ठोकलेली नक्षी दुसऱ्या दिवशी विरून गेली. कडा कितीही घासल्या तरी केसाळच राहिल्या. पाकीट मिटतच नाही. हौसेनं चामड्याचं काम करणाऱ्या कुणाशीही बोला, याच तक्रारी ऐकू येतात. प्रत्येकाला वाटतं, आपला हात अजून बसलेला नाही. हात बसायला वेळ लागतो हे खरंच, पण माझं स्पष्ट मत आहे की यातले बहुतेक दोष हाताचे नसतात. ते चामडं विकत घेतानाच ठरलेले असतात, नाहीतर पाणी लावताना होतात.

चामडं कसं कमावलंय, हे न विचारता घेणं

आपल्या इंदूरचं नाव चामड्याच्या खेळण्यांसाठी आहे. हत्ती, घोडे, हरणं. या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. आत तारेचा सांगाडा आणि वर पातळ, मऊ चामडं डकवलेलं. ते चामडं घोड्याच्या मानेच्या वळणावर सुरकुती न पडता बसतं, कारण ते ताणलं जातं. आता हाच मऊपणा पट्ट्याला मारक ठरतो. हाताला छान लागतं म्हणून तेच चामडं पट्ट्यासाठी उचललं, की दोन महिन्यांत पट्टा एक भोक पुढे सरकणारच.

मुख्य प्रकार दोन. एक झाडांच्या सालीत, फळांत कमावलेलं, म्हणजे वेज टॅन. कोल्हापुरी चपलेचं चामडं याच जातीचं, हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. दुसरं क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं, म्हणजे क्रोम टॅन. सालीचं काम आठवडे चालतं, क्रोमचं दिवसा-दोन दिवसांत होतं, म्हणून बाजारात क्रोमच जास्त. जॅकेट, पर्स, सोफा, बुटांचे वरचे भाग बहुतेक क्रोमचेच असतात. त्यात वाईट काही नाही. पण क्रोम चामड्यावर ठोकून नक्षी उमटत नाही, त्याच्या कडा घासून चकाकत नाहीत आणि ओलं करून त्याला कायमचा आकार देता येत नाही. व्हिडिओ वेज टॅनचा बघायचा आणि काम क्रोमवर करायचं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

दुकानात ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. रंग आरपार गेलेला नसेल तर क्रोमच्या पोटात निळसर-राखाडी रेघ दिसते. वेज टॅन आतून तपकिरी किंवा फिकट बदामी असतं. घरी आणलेल्या तुकड्याची खात्री करायची असेल, तर कातरणाची एक पट्टी ओली करून नखानं दाबा. वेज टॅनवर नखाची खूण राहते, क्रोमवर ती थोड्या वेळात भरून येते. अजून शंका उरली तर बोटभर पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. वेज टॅन आक्रसून वळतं आणि कडक होतं, क्रोम जवळपास तसंच राहतं. पिशवीवर ‘जेन्युइन लेदर’ असं छापलेलं असतं, त्यावरून यातलं काहीच कळत नाही.

दुसरा प्रश्न जाडीचा. पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, बाहेरच्या अंगाला १.२ ते १.५, पट्ट्याला ३ ते ४. पट्टा जनावराच्या पाठीच्या भागातूनच कापा. पोटाकडचं चामडं सैल असतं आणि ताणलं जातं. दुकानदार पोटाकडचा तुकडा स्वस्तात देतो. कप्प्यांच्या सरावाला तो घ्या, पट्ट्याला नको.

ओल्या चामड्याला लोखंड लागणं

ही चूक सगळ्यांत जास्त फसवते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेज टॅनचा फिकट तुकडा तुम्ही नक्षीसाठी ओला करून ठेवता. शेजारी लोखंडी हातोडी, कानशीचा कीस, कदाचित तारेच्या घासणीचा एखादा तंतू पडलेला असतो. अर्ध्या तासानं बघावं तर चामड्यावर मोहरीएवढे काळे-निळे ठिपके. पुसून जात नाहीत, उलट ओल पसरेल तसे त्यांच्या कडा पसरतात. पहिला संशय बुरशीचा येतो, पण ही बुरशी नव्हे. सालीतलं टॅनिन आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या पोथ्यांसाठी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत, ती याच न्यायानं काळी होई. तुमच्या टेबलावर नकळत शाईच तयार झालेली असते.

उपाय आहे, पण लगेच करायला हवा. लिंबाचा रस थोड्या पाण्यात मिसळा, कापसाच्या बोळ्यानं डागावर लावा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि स्वच्छ पाण्याच्या ओल्या फडक्यानं पूर्ण तुकडा सारखा पुसा. फक्त डागाची जागा पुसली तर तिथे फिकट गोल उरतो. ठिपके ताजे असतील तर बहुतेक जातात. जुने असतील तर गडद रंग द्यायचं ठरवा आणि पुढे चला. त्याच तुकड्यावर पुन्हा पुन्हा आम्ल लावत बसू नये, चामडं रुक्ष होतं.

पाणीही तपासा. नळाला नर्मदेचं पाणी येत असेल तर सहसा अडचण नसते. बोअरचं पाणी भरून ठेवल्यावर बादलीला तांबूस थर धरत असेल, तर ते चामड्याला लावू नका. पिण्याचं गाळलेलं पाणी वापरा, प्लास्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात. तारेची घासणी कामाच्या टेबलावर आणूच नये.

पाणी जास्त किंवा कमी

नक्षीसाठी चामडं भिजलेलं नको, दमट हवं. स्पंजानं दोन्ही बाजूंनी सारखं पाणी लावा आणि थांबा. चामडं आधी गडद होतं, मग हळूहळू मूळ रंगाकडे परततं. रंग जवळजवळ परतलेला असतो, पण गालाला लावलं तर गार लागतं, ती ठोकायची वेळ. त्याआधी ठोकलं तर ठसा फुगून विरतो. उशीर केला तर ठसा उथळ येतो आणि कडा तुटतात. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली ही वेळ बघता बघता निघून जाते, म्हणून उन्हाळ्यात पाणी लावलेला तुकडा पॉलिथिनच्या पिशवीत तासभर ठेवून मग काढावा. ओल आतपर्यंत सारखी पोचते आणि काम करायला वेळ मिळतो.

काम झाल्यावर वाळवायचं ते सावलीत. माळव्याच्या उन्हात ओलं चामडं टाकलं तर ते पुठ्ठ्यासारखं कडक होऊन वळतं आणि पुढे घडीवर तडकतं. हेअर ड्रायरनं घाई केली तरी तेच होतं. कडक झालंच, तर पुन्हा सारखं दमट करून सावलीत वाळवा आणि किंचित ओल असतानाच तेलाचा अगदी पातळ हात द्या. तेल ओतून मऊ करायला गेलात तर चामडं लुळं पडतं, डागाळतं, आणि ते तेल परत काढता येत नाही.

पाकीट मिटत नाही, कार्ड जात नाही

इथे चूक मापाची असते. कार्ड ८५.६ मिलिमीटर रुंद. ५०० ची नोट १५० बाय ६६. कागदावर या मापांचा चौकोन आखून लोक थेट कापतात. पण शिलाई कडेपासून ३ मिलिमीटर आत येते, दोन्हीकडून, आणि कार्डाला जाडी असते. कार्डासाठी दोन शिलायांमधलं अंतर ९० च्या आसपास ठेवा, म्हणजे कप्पा शिलाईसकट ९६ तरी होतो. नव्या कप्प्यात कार्ड थोडं घट्ट जाणंच बरं, वापरानं ते सैल होतं. फारच घट्ट झालं तर कार्ड दोन पदरी पॉलिथिनमध्ये गुंडाळा, कप्पा आतून हलका दमट करा, कार्ड सरकवून रात्रभर ठेवा. हा उपाय वेज टॅनलाच लागू पडतो.

मिटण्याचं गणित वेगळं. घडी घातली की बाहेरच्या पदराला आतल्यापेक्षा लांबचा फेरा पडतो. दोन्ही पदर एकाच मापाचे कापून शिवले की पाकीट उघडंच राहतं. बाहेरचा पदर आतल्यापेक्षा ३ ते ५ मिलिमीटर लांब हवा आणि चिकटवताना पाकीट अर्धं मिटवून धरूनच चिकटवायला हवं. आधी कागदाचा नमुना करा. जुन्या लग्नपत्रिका यासाठी उत्तम, जाडीही साधारण जुळते. शिवून झालेल्या पाकिटाच्या घडीला ओल देऊन, वजनाखाली रात्रभर ठेवून थोडा फरक पडेल. फार ताठ असेल तर आतला पदर उसवून नवा घालणं हाच खरा उपाय.

पट्ट्याचं माप पँटच्या नंबरावरून घेऊ नका, ते जवळपास दोन इंच कमी येतं. वापरातला पट्टा सपाट ठेवून बकलाच्या घडीपासून रोजच्या भोकापर्यंत मोजा. ते माप पाच भोकांतल्या मधल्या भोकाला यायला हवं.

खुणा, सुरी, डिंक

वरच्या बाजूला बॉलपेननं खूण कधीही करू नका, ती जात नाही. टोच्यानं हलकी रेघ ओढा.

बोथट सुरी चामडं कापत नाही, ढकलते, आणि घसरली की बोटावर येते. स्टीलची पट्टी ठेवा, पहिला हात हलका, मग दुसरा, तिसरा. पट्टीवरचा हात पात्याच्या वाटेत नको. रस्त्याकडेला बसणारे मोची एक-दोन पट्टे कापले की रापी दगडावर फिरवतात. ते बघून शिकण्यासारखं आहे.

चिकटवायला फेविकॉल एसआर ९९८ किंवा मोच्यांचं सोल्युशन वापरत असाल, तर ते दोन्ही बाजूंना पातळ लावायचं आणि दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं. बोटाला चिकटेनासं झालं की जोडायचं. ओलं असतानाच दाबलं तर पदर सरकतात आणि डिंक कडेला येतो. गुळगुळीत बाजूवर चिकटवायचं असेल तर ती जागा आधी खरवडून घ्या, नाहीतर शिलाईआधीच पदर सुटतो. वरच्या बाजूला थेंब पडला तर पुसू नका, पसरेल. पूर्ण वाळू द्या आणि वाळलेल्या डिंकाच्याच गोळीनं घासून उचला. खिडकी उघडी ठेवा. दोऱ्याचं टोक लायटरनं वितळवण्याआधी डब्याचं झाकण घट्ट लावा, कारण या डिंकाची वाफ पेट घेते.

शिलाई वाकडी येते

समोरून सुबक, मागून नागमोडी, असं झालं तर दोष टाक्यांचा नाही, भोकांचा आहे. काट्याच्या छिन्नीचा, म्हणजे ओळीनं भोकं पाडणाऱ्या दातेरी अवजाराचा, दांडा काटकोनात धरला नाही की दात मागे तिरके निघतात. आधी डिंकानं पदर जोडा, मग एकत्र भोकं पाडा. खाली लाकडाची किंवा प्लास्टिकची पाटी असू द्या, लोखंडी ऐरणीवर दातांची धार जाते.

एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुयांच्या शिलाईत क्रम बदलला की टाक्यांचा तिरका कल मोडतो. उजवी सुई आधी, तर शेवटपर्यंत उजवीच आधी; दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या ज्या बाजूनं गेली, त्याच बाजूनं पुढेही. दुसऱ्या सुईनं पहिला दोरा भोसकला गेला, तर टाका ओढून घट्ट होत नाही. म्हणून दुसरी सुई जाताना पहिला दोरा किंचित मागे ओढून धरा आणि सुया बोथट टोकाच्याच घ्या. दोरा शिलाईच्या लांबीच्या चौपट. चुकलेले टाके सरळ उसवा, पण भोकं बुजत नाहीत, त्याच भोकांतून पुन्हा शिवावं लागतं.

कडा आणि रंग

वेज टॅनच्या कडेवर आधी कोपरे उतरवा, ४०० च्या आणि मग ८०० च्या सँडपेपरनं घासा, किंचित ओल द्या आणि लाकडानं किंवा जाड कापडानं गरम होईपर्यंत घासा. पाणी जास्त झालं की कड छत्रीसारखी बाहेर पसरते. पाण्याऐवजी डिंक हवा असेल तर कतीरा भिजवून गाळून पातळ लावता येतो, आधी कातरणावर बघून. क्रोमच्या कडेवर हे सगळं करू नका. तिथे कडेचा रंग पातळ थरांत द्या, प्रत्येक थर वाळल्यावर घासून.

रंग ठिपक्याठिपक्यांनी बसला तर बहुधा तेलकट बोटांचे ठसे आड आलेले असतात. रंगाआधी स्पिरिटचा बोळा फिरवा. रंग वाळल्यावर सुती फडक्यानं घासत राहा, फडकं कोरं निघेपर्यंत, मगच मेण किंवा वार्निश. पांढरा रुमाल ओला करून पट्ट्यावर जोरात फिरवा. रुमालाला रंग लागला तर तोच सदऱ्यालाही लागणार.

पावसाळ्यातला पांढरा थर

जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातून पर्स काढली की वर पांढरं दिसतं आणि सगळे त्याला बुरशीच म्हणतात. ते दोन निराळ्या गोष्टींपैकी एक असतं. हेअर ड्रायरची कोमट हवा थोड्या अंतरावरून द्या. थर वितळून नाहीसा झाला तर ती चामड्यातली चरबी किंवा मेण वर आलेलं आहे. मऊ फडक्यानं चोळा, झालं. थर तसाच राहिला, तंतूंसारखा दिसला आणि वास आला, तर बुरशी. मग वस्तू गच्चीवर किंवा गॅलरीत न्या, कोरड्या फडक्यानं झटका, ते फडकं टाकून द्या, स्पिरिटमध्ये थोडं पाणी घालून हलका हात फिरवा आणि वाऱ्यावर सावलीत वाळवा. रंगीत चामड्यावर आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, स्पिरिट रंग उचलतं. ठेवताना प्लास्टिकची पिशवी नको, जुन्या सुती धोतराचं कापड घ्या.

याच दिवसांत पितळी बकलांच्या आणि रिव्हेटांच्या कडेला हिरवी मेणचट घाण जमते. चामड्यातलं तेल पितळेतल्या तांब्याशी मिळून ती होते. दातकोरणीनं खरवडा, कोरड्या फडक्यानं पुसा, आणि पुढच्या वेळी तेल देताना धातूपासून बोटभर लांब थांबा.