जुना संगणक घराबाहेर काढण्यापूर्वी

चवथ जवळ आली की गोव्यातल्या घरांत साफसफाई सुरू होते आणि माळ्यावरच्या सामानाबरोबर एखादा जुना संगणकही खाली उतरतो. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्यापासून असे संगणक वाढलेच आहेत. तो भाच्याला द्यावा, दुरुस्तीच्या दुकानात विकावा की भंगारअड्ड्यावर पाठवावा याची घरात चर्चा होते, पण आत साठलेल्या कागदपत्रांचे काय करायचे हा प्रश्न क्वचितच निघतो.

फोंड्याजवळ आमच्या शेजारी राहणाऱ्या एका काकांनी आपला संगणक देऊन टाकण्यापूर्वी मला दाखवला. सर्व फायली त्यांनी डिलीट केल्या होत्या आणि रिसायकल बिनही रिकामा केला होता. मी त्यांच्यासमोरच डिलीट केलेल्या फायली शोधून काढणारा फोटोरेक हा विनामूल्य प्रोग्राम चालवला. अर्ध्या तासात मुलीच्या लग्नाचे फोटो, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, पॅन कार्डाची प्रत आणि बँकेची विवरणपत्रे एकामागून एक उघडू लागली. फायलींची मूळ नावे गेली होती, प्रत्येकीला नुसता क्रमांक होता. आतला मजकूर मात्र जसाच्या तसा होता.

असे का होते, हे एकदा समजून घेतले की पुढची सगळी कामे सोपी होतात. एक-चौदातली नोंद खोडली म्हणून शेत जागचे हलत नाही. त्याचप्रमाणे फाईल डिलीट केल्यावर संगणक फक्त तिची नोंद काढतो आणि ती जागा मोकळी समजतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच राहतो. झटपट केलेल्या फॉरमॅटनेही यात फारसा फरक पडत नाही.

प्रथम हवे ते उतरवून घ्यावे. शक्यतो दोन प्रती कराव्यात आणि प्रतीतल्या दहा-बारा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण एकदा डिस्क, म्हणजे मजकूर साठवणारा भाग, पुसली की चूक सुधारता येत नाही. त्यानंतर ब्राउझर, ईमेल आणि व्हॉट्सॲप यांतून साइन आउट करावे. मॅक असल्यास 'फाइंड माय' ही हरवलेले यंत्र शोधण्याची सोय बंद करावी, नाहीतर नव्या मालकाला तो वापरता येणार नाही. डीव्हीडीचा खण आणि मेमरी कार्डाची खाच उघडून पाहावी. विसरलेले कार्ड तिथेच सापडते.

आता डिस्क कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे, कारण पुसण्याची पद्धत त्यावर ठरते. विंडोज ११ मध्ये आणि बहुतेक विंडोज १० मध्येही टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर ती एचडीडी आहे की एसएसडी, हे लिहिलेले असते. एचडीडीमध्ये फिरत्या चुंबकीय तबकड्या असतात आणि संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहिली की आजच्या डिस्कसाठी तेवढे पुरेसे होते. सात-सात, पस्तीस-पस्तीस वेळा पुसण्याचा जुना सल्ला आता पाळण्याची गरज नाही. विंडोजच्या सेटिंग्जमधील रिकव्हरी विभागात 'रिसेट धिस पीसी' निवडावे, पुढे 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्यावे आणि 'चेंज सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'क्लीन डेटा' सुरू करावे. हे शेवटचे बटण मुळात बंद असते आणि बहुतेकांची चूक नेमकी इथेच होते. एकाहून अधिक ड्राइव्ह असतील तर सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही निवडावा. या कामाला काही तास लागतात. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून चार्जर जोडलेलाच ठेवावा आणि टेबलावरचा संगणक इन्व्हर्टरवर घ्यावा.

एसएसडीत मजकूर चिपांवर साठतो, म्हणून तिचे तसे नाही. तिची झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून ती मजकूर आपल्या सोयीने वेगवेगळ्या कप्प्यांत लिहिते आणि काही कप्पे राखीव ठेवते. त्यामुळे वरून शून्ये लिहिली तरी ती प्रत्येक कप्प्यापर्यंत पोचतीलच अशी खात्री देता येत नाही. तिच्यासाठी डिस्कच्या उत्पादकाने दिलेल्या प्रोग्राममधील 'सिक्युअर इरेज' वापरावे. ते न मिळाल्यास विंडोजमधल्या बिटलॉकरने संपूर्ण ड्राइव्ह कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलून, मग रिसेट करावे. माझ्या मते कूटबद्धीकरण संगणक नवा असतानाच सुरू करणे सर्वांत चांगले, कारण मग डिस्कवर उघडा मजकूर कधी लिहिलाच जात नाही. ॲपल सिलिकॉन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) किंवा टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅकवर, मॅकओएसच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून पुढे, 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज' हा पर्याय पुरेसा आहे.

संगणक सुरूच होत नसेल तर डिस्क बाहेर काढावी. वायर काढून, बाजूचा पत्रा उघडल्यावर साधारण वहीच्या निम्म्या आकाराची धातूची पेटी दिसते. तिला सहसा चार स्क्रू आणि दोन केबल असतात. यूएसबी ॲडॉप्टरने ती दुसऱ्या संगणकाला जोडून विंडोजमधल्या डिस्कपार्ट या प्रोग्रामची 'क्लीन ऑल' ही आज्ञा द्यावी, ती संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. नुसती 'क्लीन' ही आज्ञा केवळ विभागांची नोंद काढते. आज्ञा देण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक आणि क्षमता दोनदा ताडून पाहावी, कारण क्रमांक चुकला तर चालू संगणकावरचाच मजकूर कायमचा जातो.

डिस्क जोडूनही दिसत नसेल तर ती फोडणेच योग्य. डोळ्यांवर चष्मा लावूनच हे करावे. लॅपटॉपच्या डिस्कमधील तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि त्यांच्या कपच्या उडतात. एसएसडीत एक भोक पाडून काम होत नाही, प्रत्येक चिप फुटली पाहिजे. लोहचुंबक फिरवून तिच्यावर काहीच परिणाम होत नाही, आणि जाळणे तर सर्वथा टाळावे, कारण त्यातून विषारी धूर निघतो.

उरलेला सांगाडा भंगारवाल्याला न देता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या पुनर्चक्रण करणाऱ्यांकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनी ही नोंदणी बंधनकारक केली आहे. मात्र "आम्ही पुसून घेतो" असे कोणी सांगितले तरी न पुसलेली डिस्क हातातून सोडू नये.

काकांची डिस्क त्या रात्री पुसायला लावली ती पहाटे संपली. सकाळी त्यांच्याच आग्रहाने फोटोरेक पुन्हा चालवला आणि या वेळी सापडलेल्या फायलींचा आकडा शेवटपर्यंत शून्यच राहिला.