मासेमारीच्या रॉडचं गाइड बदलताना घाई नको

लाइन (गळाची दोरी) सारखी खरवडून तुटतेय? तर आधी प्रत्येक गाइडच्या, म्हणजे लाइन ज्यातून जाते त्या काठीवरच्या कड्याच्या, रिंगमधून कापसाचा इअरबड गोल फिरवून बघा, कापसाचे तंतू जिथे अडकतील तिथे तडा आहे, डोळ्यांना दिसला नाही तरी.

नवीन गाइड आतल्या रिंगच्या मापाचंच घ्या, आणि ब्रेडेड (विणलेली) लाइन वापरत असाल तर सिलिकॉन कार्बाइडची रिंग घ्या, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. गाइड काठीला बांधणारा जुना दोरा काढताना ब्लेड गाइडच्या पायाच्या धातूवरच चालवा, ब्लँकवर (काठीच्या मूळ ग्राफाइटच्या दांड्यावर) अजिबात नाही, कारण ग्राफाइटवर एक बारीक ओरखडा पडला तरी मासा ओढताना काठी नेमकी तिथेच मोडू शकते!! पायाचं टोक कानशीने घासून अगदी पातळ करा म्हणजे दोरा पायरीसारखा न अडकता सरळ वर चढतो. गुंडाळण्याआधी गाइड टेपने चिकटवून लाइन ओवा, काठी वाकवा, लाइन ब्लँकला टेकत असेल तर जागा थोडी सरकवा. दोरा गुंडाळून इपॉक्सी (घट्ट होणारा राळेचा थर) लावलं की ते घट्ट होईपर्यंत काठी हळूहळू फिरवत राहा, नाहीतर सगळं खाली ओघळून एका बाजूला फुगा येतो. टोकाचं गाइड मात्र हॉट ग्लूनेच बसवा, पुढच्या वेळी नुसतं गरम केलं की निघतं.