मशीनमध्ये हात गेला? मग या चुका तरी टाळा

मागच्या वर्षी चुलतभावाचा अंगठा गेला, जळगावला, चटईच्या कारखान्यात. चालू मशीनमध्ये अडकलेली पट्टी काढायला हात घातला, कारण मशीन बंद केली की माल कमी निघतो आणि सुपरवायझर बोलतो. दवाखान्यात नर्सने विचारलं, "काय व्हयनं रे भाऊ?" तर हा बोलायच्या आत सोबत आलेला मुकादमच म्हणाला, घरी पायरीवर पडला. केसपेपरवर तेच चढलं, आणि पुढचे सगळे महिने आम्ही त्या एका ओळीशी भांडत बसलो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागाची चूक हीच, दवाखान्यात खोटं सांगू देणं. मशीन कोणती, जागा कोणती, वेळ किती, हे डॉक्टरला स्वतः सांगा आणि एमएलसी (पोलिसांना कळवायची अपघाताची नोंद) करा म्हणा. चुकीचं लिहून गेलंच असेल तर लगेच पोलिसात लेखी अर्ज द्या, मालकाला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा, सोबतच्या दोघा-तिघांची नावं, हजेरीच्या मस्टरचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज जपून ठेवा.

तुटलेलं बोट लोक थेट बर्फात टाकतात. असं नका करू, ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा.

दुसरी चूक सहीची. शेठ दवाखान्याचं बिल भरतो, वर वीस हजार हातावर ठेवतो आणि कागदावर सही घेतो की आता काही मागणं नाही. घरात चूल पेटवायची असते, माणूस करतो सही. पण कायद्याने मिळणारी भरपाई सोडून देणारा असा करार चालतच नाही, त्यामुळे सही झाली म्हणून घरी बसू नका. हिशोबच बघा ना. वय 30, पगार 12,000. पगाराचे 60 टक्के म्हणजे 7,200, त्याला कायद्याच्या तक्त्यातल्या वयाच्या आकड्याने, म्हणजे 207.98 ने गुणायचं, आणि एक अंगठा गेला की त्याचे 30 टक्के. होतात जवळपास 4 लाख 49 हजार. कुठे ते वीस हजार!

"गार्ड (मशीनवरचं संरक्षक झाकण) लावलेला नव्हता, तुझीच चूक" हे वाक्य जिनिंगपासून डाळ मिलपर्यंत सगळीकडे ऐकू येईल. घाबरू नका. कामगाराने स्वतः जाणूनबुजून गार्ड काढला किंवा डावलला असेल तरच मालकाला तो मुद्दा घेता येतो, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तेव्हाही नाही. गार्ड शेठनेच काढून कोपऱ्यात टाकलेला असेल तर त्याचा फोटो आधी काढा, दुसऱ्या दिवशी तो परत बसलेला दिसतो.

ठेकेदाराचा माणूस होता म्हणून हात झटकले तरी मूळ मालकाची जबाबदारी राहते.

पगारातून 0.75 टक्के ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल (21,000 पर्यंतच्या पगाराला) तर भरपाई मालकाकडून नाही, ईएसआयसीकडून मागायची. अपघातामुळे कामावर जाता येत नाही त्या काळात पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात, कामाचा पहिलाच दिवस असला तरी. फक्त अपघाताची नोंद मालकाने केली का ते स्वतः बघा.

1923 चा भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण दावा दोन वर्षांच्या आत टाकायचा हे तसंच आहे. आपली कितीतरी पोरं सुरत-उधन्याला आहेत, त्यांना वाटतं केससाठी तिकडेच खेटे घालावे लागतील. नाही, तुम्ही राहता त्या भागातही दावा टाकता येतो.

आणि स्वतःच्या शेतात मळणी यंत्रात हात गेला तर हा कायदा नाही, तिथे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, 30 दिवसांच्या आत.