सीपीवाल्या लेकराचा हात कामाला कसा लावायचा (शेंगा फोडण्यापासून सुरुवात करा)

आमच्या लेकराला डाव्या बाजूचा सीपी (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला इजा झाल्यानं हातापायाच्या हालचालीवर ताबा कमी असतो) आहे, आता सात वर्षांचा झालाय. पहिली दोन-तीन वर्षं आम्ही नुसती मालिश करायचो आणि हात ओढून सरळ करायचो, कुणी नीट सांगितलंच नाही की ओढून हात कामाला लागत नसतो, लेकरानं स्वतः वापरला तरच लागतो. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून लिहितेय.

आधी बसवणं बघा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, लोंबत असतील तर खाली पाट ठेवा, टेबल कोपराच्या उंचीला. बसायलाच डगमगत असेल तर सगळा जीव तोल सांभाळण्यात जातो आणि हात अजूनच आवळतो.

मूठ घट्ट असेल तर बोटांची टोकं धरून ओढू नका. मनगट हळूच तळव्याच्या बाजूला वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात, मग अंगठा बुडाशी धरून बाहेर घ्या (टोकाला धरलं तर सांध्यावर ताण येतो), आणि मग दमानं मनगट वर आणा. घाई केली की स्नायू उलट जास्त आवळतो.

आता खरं काम. आपल्याकडं भुईमुगाच्या शेंगा काय कमी नाहीत. डाव्या हातानं शेंग धरायची, उजव्यानं दाबून फोडायची. आमचा आधी शेंग नुसती मुठीत दाबून चुरायचा, बोटाच्या चिमटीत धरायला बरेच महिने लागले, पण फोडलेले दाणे चटणीला जाणार म्हटलं की स्वतःहून बसायचा. लहान लेकरू असेल तर दाणे तोंडात घालू देऊ नका, घशात अडकतात. चिमूट जमत नसेल तर मोठ्या वस्तू द्या, पीठ मळताना परात दाबून धरणं, टॉवेलची गुंडाळी करणं, चादरीचं एक टोक धरून घडी घालणं. कमजोर हाताला मदतनीसाचं काम द्या, पहिल्याच दिवशी त्यानं लिहावं असं म्हणू नका. आणि काम लेकराला निवडू द्या. आमच्यानं सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत स्वतःची पिशवी धरायची हे ठरवलं होतं, त्यासाठी घरात रोज पिशवी उघडी धरून त्यात बटाटे टाकायचो आम्ही.

चांगल्या हाताला मोजा घालून तो थांबवायची, म्हणजे कमजोर हात वापरावाच लागतो, अशी पद्धत पण आहे, सीआयएमटी म्हणतात, एका बाजूच्या सीपीला उपयोगी, पण थेरपिस्टला विचारूनच करा, नाहीतर लेकरू चिडून सगळंच सोडून देतं. सराव तेवढाच असेल तर दोन्ही हातांच्या सरावाचा फायदा पण साधारण तितकाच होतो. मुद्दा तासांचा आहे, हात एकूण सुधारायला काही आठवड्यांत 30 ते 40 तास लागतात, घरचा सराव धरून, म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास फिजिओला नेऊन भागत नाही.

बोटॉक्स (आवळलेला स्नायू सैल करायचं इंजेक्शन) दिलं असेल तर असर साधारण तीन महिने राहतो, ते दिवस वाया घालवू नका, तेव्हाच सराव वाढवा. स्प्लिंट (हात नीट स्थितीत ठेवायला बांधतात ती पट्टी) काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासानंतरही गेला नाही तर बनवणाऱ्याकडून सैल करून घ्या.

आणि निरामय विमा (सीपीसारखं अपंगत्व असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) काढला नसेल तर काढा, वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर आहे आणि त्यात थेरपीचा खर्च पण बसतो.