माय उत्तर द्यायला वेळ लावते तेव्हा

मी परभणीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. सासूबाईंना अल्झायमर आहे. त्यांना आम्ही सगळे मायच म्हणतो. तुमच्याही घरी असं माणूस असेल तर सगळ्यात आधी एवढं करा: एका वेळी एकच गोष्ट विचारा आणि गप्प राहा.

"माय, चहा ठेवू का?" म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. लगेच "का दूध देऊ? का भाकर कुस्करून देऊ?" असं सुरू केलं की जुळत आलेलं उत्तर विस्कटतं. पुन्हा विचारायचं तर त्याच शब्दांत. समोर बसून, टीव्ही बंद करून. नातवंडांनाही हे शिकवा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

हे का, तेही समजून घ्या, म्हणजे चिडचिड कमी होते. मेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी असतात. पिओ देल रिओ-होर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये त्यांना वेगळी ओळख दिली. या पेशी मज्जातंतूंवर मायलिन गुंडाळतात, बोअरच्या मोटारीच्या वायरीवर आवरण असतं तसं. मात्र त्या जिवंत आहेत, तंतूला ऊर्जाही पुरवतात. अल्झायमरमध्ये त्या बिघडतात आणि संदेश रेंगाळतात. २०२३ मध्ये उंदरांवरच्या संशोधनात दिसलं की मायलिन बिघडलं की अमायलॉइडचे, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचे, साठेही वाढतात, कारण साफसफाई करणाऱ्या पेशी मायलिनचा कचरा उचलण्यात गुंतून पडतात. म्हणजे आधी साठे आणि मग मायलिनची हानी, एवढंच सरळ हे प्रकरण नाही.

मायलिनमध्ये कोलेस्टेरॉल भरपूर असतं. हे कळलं की आपल्याकडे लगेच ताटात तूप वाढतं. तसं करू नका. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो, खाल्लेलं तिथं पोचत नाही. मायलिन भरून काढणारं औषधही अल्झायमरसाठी आज उपलब्ध नाही. कुणी तसली पावडर विकत असेल तर घेऊ नका.

बी-१२ जीवनसत्त्व मात्र तपासून घ्याच. ते मांसाहारातून आणि दुधातून मिळतं. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ, त्यात म्हातारपणी दूधही सुटतं. बी-१२ कमी पडलं तरी मायलिन खराब होतं, विसरभोळेपणा येतो, आणि ही कमतरता भरून काढता येते. थायरॉइडही सोबतच तपासा.

एमआरआयच्या अहवालात पुष्कळदा 'फाझेकास ग्रेड' लिहिलेली असते, ० ते ३. मेंदूच्या पांढऱ्या भागातले डाग किती पसरलेत ते ती सांगते. असे डाग बीपी-शुगरनेही पडतात, म्हणून ग्रेड वाचून घरीच निदान करू नका. बीपी मात्र रोज वहीत लिहा. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत न्या, झोपेच्या आणि सर्दीच्यासुद्धा. त्यांतल्या काहींनी गोंधळ वाढतो, आणि त्या बंद करायच्या का ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.